अढीतली ऊब

अढीतल्या पेंढ्यात मनगटापर्यंत हात घातला, की आतली ऊब बाहेरच्या हवेहून वेगळी कळते. ती बाहेरून आलेली नसते. आंब्यांनीच धरलेली असते. वैशालीने हात तसाच आत राहू दिला.

"बोल गो," आंबे चाचपत आवडी म्हणाली. "आयसोकोरिक?"

"कोरा चहा. कप तेवढाच, म्हणजे आकारमान तेच."

"आयसोबारिक?"

"बारीक..." वैशाली अडली. "बारीक काय गो आये?"

"बारकी सासू! कितीबी नाचा, तिचा दाब तेवढाच." आवडी स्वतःच खुदकन हसली. ती शाळेची पायरी चढली नव्हती. पण लेकीच्या थर्मोडायनॅमिक्सच्या या सगळ्या खुणा तिनेच बांधून दिल्या होत्या.

उद्या महाडला पेपर होता. डिप्लोमाचा हा एकच विषय राहिलेला, तोही तीनदा गेलेला. ही शेवटची संधी. मुंबईत वॉचमन असलेल्या बाबांचा मघाशीच फोन येऊन गेला होता. "आमच्या सायबांना सांगून ठेवलाय, पोरगी इंजिनेर होतेय."

खुणा वैशालीला झोपेतही पाठ होत्या. परीक्षेला बसलं, की मात्र चहा आठवे, सासू आठवे आणि त्यांच्यामागचा अर्थ विरून जाई. मागच्या खेपेला तर तिने ॲडियाबॅटिकच्या जागी चक्क 'अढीबॅटिक' लिहिलं होतं. परतताना एसटीत ते ध्यानात आलं आणि ती तोंडाला ओढणी लावून रडली. शेजारच्या बाईला वाटलं, पोरीला गाडी लागली. तिने लिंबू पुढे केलं. वैशाली पोलादपूरपर्यंत ते हुंगत बसली.

हे आपल्याला जमत नाही, आणि नकोही आहे, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. सांगायचं तेवढं राहून जात होतं.

"आता आपली अढी," आवडी म्हणाली.

"ॲडियाबॅटिक. बाहेरची उष्णता आत नाय, आतली बाहेर नाय."

"आनि दाबत गेला तर?"

"आतल्या आत तापत जातं."

आवडीने एक आंबा बाहेर काढला. वरून पिवळाधमक, देठाशी काळा. "ह्यो बघ. येळेवर काढला नाय. ऱ्हायला असता तर सगळी अढी नासवली असती."

वैशालीने हात बाहेर घेतला. मनगटाला चिकटलेल्या काड्या ती एकेक करून काढू लागली.

"काय झाला गो? इसरलीस?"

"नाय आये, सगळं आठवतंय." शेवटची काडी तिने परत अढीत टाकली. "मी उद्या पेपरला जात नाय."