केकवर जागा नाही

“ती कुठे काही बोलणारे? तिचा शब्द पुढच्या वर्षी घालू.”

सासूबाईंनी हे थोरल्या सुनेला हळूच सांगितलं. पण दाराआड धाकटी सून वाटी घेऊन उभी होती आणि ओव्हनमध्ये मी होतो. आम्ही दोघांनीही ऐकलं. ती वाटी घेऊन मागे फिरली. मी फुगलो.

मी केक बोलतोय. जन्म सकाळी नऊचा, वजन दीड किलो, आयुष्य फार तर चहापर्यंत.

या घरात सुना लांबलांबून आलेल्या, प्रत्येकीची भाषा वेगळी. येशू पुन्हा उठला त्या वसंतातल्या रविवारला आजेसासूबाई पास्का म्हणतात, सासूबाई ओस्टर्न, आणि थोरली व्येल्कानोत्स, म्हणजे मोठी रात्र. धाकटीच्या माहेरी तोच सण वेलिकदेन, म्हणजे मोठा दिवस. एक जाऊ रात्र म्हणते, दुसरी दिवस. जावाजावांत एवढं चालायचंच.

घरचा रिवाज असा, की प्रत्येकीचा शब्द क्रीमने केकवर लिहायचा, तिने तो मोठ्याने वाचायचा, मग केक कापायचा. पहिल्याच वर्षी शब्द चढला की सून घरची. नाही चढला तर वर्षभर पाहुणी. पाहुणीला भांडी घासू देतात, सल्ला विचारत नाहीत.

धाकटी दुकानांच्या पाट्या रंगवते, म्हणून लिहायचं काम तिच्याच गळ्यात.

“मला दिसत नाही गं, माझं अक्षर मोठं काढ,” आजेसासूबाई म्हणाल्या.

“मग माझं काय मुंगीएवढं?” सासूबाई.

“माझा शब्दच लांब, त्याला मी काय करू?” थोरली.

“सण एक, भांडणं तीन,” सासरे पेपराआडून म्हणाले. धाकटीच्या नवऱ्याला मत विचारलं, तेव्हा त्याने तोंडात अख्खं बिस्कीट कोंबलं.

व्येल्कानोत्सची शेपटी माझ्या कडेवरून ओघळत बशीत उतरली. मला गुदगुल्या झाल्या, पण केकने हसायचं नसतं, तडा जातो. तिन्ही शब्द झाले आणि माझ्या अंगावर टिंबाएवढीही जागा उरली नाही. धाकटीने क्रीमची पिशवी खाली ठेवली.

सगळे ताटल्या घेऊन बसले, तर सुरी सापडेना. ड्रॉवर उपसले, उशा उचलल्या, सासऱ्यांनी स्वतःचे खिसेही चाचपले. थोरली म्हणाली, “चमच्याने खाऊ या का?” माझ्या अंगावर काटा आला.

तर मंडळी, माझी वेळ भरत आली. येतो आता. एकच विनंती आहे, उरलोच तर मला फ्रीजमध्ये कांद्याशेजारी ठेवू नका.

इतक्यात धाकटी उठून उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे. लग्नाला चार महिने झाले होते, पण तिचा इतका मोठा आवाज या घराने ऐकला नव्हता.

“आई, सुरी माझ्याकडे आहे. तिघींनी मिळून चार बोटं क्रीम खरवडा. वेलिकदेन लिहून होऊ दे, मग देते.”