जड झालेली डबी

"दिली होती त्याहून जड परत आलीये ही डबी," वजनकाट्यावरून मान वर करत डॉक्टर म्हणाले. "मलम तुम्ही लावलंच नाही."

मी भडकलेच. लावलं नाही? रोज गोळी गिळून वर कोपरापासून बोटांपर्यंत चोळत होते! गोळी आणि मलम जोडीनं दिलं तर सोरायसिसचे हे जुनाट खवले जातात का, याचीच इथे चाचणी चालली होती. हात साफ झाले की पार्लरवाली मला पुन्हा खुर्चीपाशी उभी करणार होती. गिऱ्हाइकं माझे हात बघून उठून जायला लागल्यापासून मी मागच्या खोलीत टॉवेल धूत होते. आणि हे म्हणे, लावलं नाही!

"उगाच आळ घेऊ नका. या ताईंना विचारा."

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. राहतात आमच्याकडेच. माझा पेला वेगळा, टॉवेल वेगळा, सगळा कारभार त्यांचा. त्यावरून आमचे रोज खटके उडायचे.

डॉक्टरांनी मलम बोटावर घेऊन हुंगलं. "यात निम्मं कोल्ड क्रीम आहे."

तरीच डबी संपत नव्हती! आणि मी बावळट, पुरवून वापरतेय म्हणून स्वतःवर खूश होते.

ताईंनी बाही वर केली. कोपरावर फिकट वण होते. माझ्यासारखेच, पण बरे झालेले.

"आधी नखभरच घेतलं गं. मग कोपर साफ व्हायला लागलं आणि हात आवरेना. तुला कळू नये म्हणून क्रीम भरत गेले."

"तुम्हाला? कधीपासून?"

"माझं लग्न कशानं मोडलं वाटतं तुला? तू या घरात आलीस आणि तुलाही झालं. वाटलं, माझंच लागलं. म्हणून पेले वेगळे केले."

"अहो, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही," डॉक्टर म्हणाले.

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

पण भेसळ ती भेसळ. चाचणीतून माझं नाव गेलं. ताई गयावया करत होत्या, डॉक्टर मान हलवत होते.

बाहेर नळापाशी ताईंनी पेला भरला, अर्धा प्यायल्या आणि उरलेलं उष्टं पाणी माझ्यापुढे धरलं. मी ते घटाघटा संपवलं, आणि मग भर रस्त्यात त्यांना तोंडाला येईल ते बोलले.