न विसळलेलं भांडं

मामाने भांडं विसळलंच नव्हतं. तळाशी कालच्या पिवळ्या रंगाचा थर तसाच होता आणि त्यातच त्याने आज लाल रंग घालून प्लास्टिक वितळवलं, उजेड वाहून नेणारी केसाएवढी बारीक तार ओढली. तीस वर्षं प्रयोगशाळेत तारा ओढणाऱ्या माणसाने ही चूक करावी! संशोधक भाचीने त्याची चांगलीच हजेरी घेतली.

"आता ओढलीच आहे, तर एकदा उजेड टाकून बघ तरी," मामा पुटपुटला.

तणतणतच तिने तारेवर निळा उजेड सोडला. नुसत्या लाल रंगाची तार अशा वेळी कशीबशी मिणमिणायची. ही मात्र निखाऱ्यासारखी पेटली. निळा उजेड चालूच ठेवून भाचीने एका टोकातून लाल उजेडाची क्षीण तिरीप आत सोडली. दुसऱ्या टोकातून भिंतीवर लालभडक ठिपका पडला. उजेड वाटेत दमतो, एवढंच मामाला ठाऊक होतं. हा वाटेत वाढला होता.

"पण पिवळा कुठे गेला?" त्याने हळूच विचारलं.

"आतच आहे. निळा उजेड तोच गिळतोय. पण स्वतः उजळायच्या आधीच सगळी ताकद शेजारच्या लाल रंगाला देऊन टाकतोय."

 चूक आठवून मामाने निमूटपणे भांडं उचललं आणि तो नळाकडे निघाला.

"मामा!" भाची किंचाळली. "त्याला पाणी लावशील तर बघ!"