उलटे टांगलेले राउटर

१६ नोव्हेंबर २०२४, सकाळचे साडेनऊ. हरेशच्या दोन्ही हातांना मिळून बोटे सात. उरलेली तीन भिवंडीच्या एका फर्निचर कारखान्यात गेली होती, आणि तेव्हापासून पाच महिने तो दाभोसा गावातल्या घरी पडवीत बसून होता. लाकडाला खाच पाडणारे राउटर मशीन दोन्ही मुठींनी धरावे लागते. डाव्या हाताला केवळ अंगठा आणि करंगळी असताना ते धरायचे कसे?

म्हणून त्याच्या बायकोने, नवशीने, ते टेबलाखाली उलटे टांगायचे ठरवले. मशीन जागेवर राहील, हात फक्त फळी सरकवतील. सांगणार तो, करणार ती.

"भोक मधोमध पाड. मधोमध म्हटलं, तुझ्या माहेराकडं नाही."

"माहेर काढशील तर स्क्रू तुलाच लावीन."

तो हसला. तशी तिने पुढचे भोक मुद्दाम हळू पाडले.

जाड प्लायवूड, सागाचे चार पाय, पाते वर येण्यापुरते भोक आणि फळी टेकवायला सरळ पट्टी. काटकोन बघायचा गुण्या लावून तिने पट्टी दोनदा तपासली. यावर दारांच्या चौकटी निघाल्या, तर यंदा दोन्ही पोरांना घेऊन वीटभट्टीवर जाणे टळणार होते.

पहिली फळी हरेशने उजवीकडून डावीकडे सरकवली. खाच स्वच्छ उतरली. दुसरी अर्धी झाल्यावर त्याने फळी उचलून भुसा झटकला आणि पुन्हा लावली, ती डावीकडून. मशीन हातात धरून नऊ वर्षे तो डावीकडून उजवीकडेच गेला होता. उलटे टांगले की दिशाही उलटते, हे त्यानेच सकाळी नवशीला बजावले होते. हात मात्र विसरले. पात्याने फळी हिसकली. ती त्याच्या तळव्याखालून सुटून उजवीकडच्या कुडाच्या भिंतीत घुसली.

नवशीने बटण बंद केले. त्याचा हात उलटसुलट करून पाहिला. खरचटलेसुद्धा नव्हते.

"काही झालं नाही. उजवीकडून लाव, बस."

"नको."

"मग उद्या?"

"नवशे, तेव्हाही असाच आवाज आला होता."

"मी लावते फळी. तू नुसता बघ."

"तू हात नाही लावायचा त्याला!" तो ओरडला. अंगठा आणि करंगळीत पेचकस पकडून त्याने मशीन स्वतःच सोडवले, आणि नवशीने त्याला थांबवले नाही.

महिनाअखेरीस चौघे जीपने भट्टीवर गेले. त्या टेबलावर एकूण दीड फळीला खाच पडली.