तीन आठवड्यांचं पीठ

पिठाच्या कारखान्यातल्या तपासनीस बाई आजारपणाची रजा संपवून तीन आठवड्यांनी कामावर आल्या. पहिल्याच नमुन्यावर त्यांनी औषधाचे थेंब टाकले. पिठावर लाल ठिपके उमटायला हवे होते, उमटेनात. म्हणजे मुलांच्या अंगात रक्त कमी पडू नये म्हणून मिसळतात ती लोहाची आणि जीवनसत्त्वांची पूड पिठात नव्हतीच. बाईंच्या माघारी मॅनेजरसाहेब न तपासताच सह्या ठोकत होते.

बाई तरातरा वरच्या मजल्यावर गेल्या. पूड सोडणारं यंत्र बंद. ऑपरेटरने शांतपणे सांगितलं की पूड संपली की घंटा वाजत राहते, डोकं उठतं, म्हणून त्याने वायरच काढली. पूड मागितली होती, पण स्टोअरकीपर देईना. स्टोअरकीपरचं म्हणणं, मागणीचा फॉर्म जुना होता. वर त्याने अभिमानाने पूड भरलेली पोती दाखवली. एकही कमी नव्हतं.

बाईंनी कपाळाला हात लावला आणि मॅनेजरसाहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, लेखी द्या. त्यांनी लेखी दिलं. तो कागद अभिप्रायासाठी स्टोअरकीपरकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. त्यावर शेरा होता : साठा पूर्ण आहे. मग तक्रार कशाची, असं साहेबांनी विचारलं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि हाताची घडी घालून बसल्या. बाई हजर असताना त्यांच्या सहीशिवाय माल बाहेर जात नाही. दुपारपर्यंत फाटकाशी माल न्यायला आलेले पाच ट्रक खोळंबले.

साहेब धापा टाकत आले. "बाई, सही करा. या पिठाने आजवर कोणी मेलंय का?"

"मरत नाही कोणी, साहेब. पोरं नुसती पांढरीफटक पडतात, वर्गात पेंगतात. त्याची तक्रार घेऊन आपल्याकडे कोण येणार?"

साहेबांनी बाईंकडे नाही, ट्रकांकडे पाहिलं. अर्ध्या तासात पोती वर चढली, यंत्र सुरू झालं. तीन आठवडे जे झालं नाही त्याला अर्धा तास पुरला, याचाच बाईंना जास्त संताप आला. आधी गेलेलं पीठ परत मागवा, असं त्यांनी सुचवलं. ते एव्हाना लोकांच्या पोटात गेलं, असं म्हणून साहेब निघून गेले.

घरी आल्यावर बाईंनी भावजयीला फोन लावला. भाचीला डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले होते, ते चालू आहेत ना, एवढंच विचारायचं होतं.

भावजय हसली. "अहो ताई, ते केव्हाच बंद केले. रोज थुंकायची. म्हटलं, तुमच्या पिठात असतंच की. तुम्हीच सांगितलं होतं."

बाईंनी सगळं सांगितलं, काही न लपवता, आणि थेंब पीठ चांगलं असलं तरी द्यायचेच असतात, हेही.

"आता ती परत थुंकणार," भावजय वैतागून म्हणाली.

"थुंकू दे. मी येते, दोघी मिळून पाजू," बाई म्हणाल्या आणि पायात चपला सरकवल्या.