म्हातारा कोणाला म्हणालात?

मी 'म्हातारा' बोलतोय. माणूस नव्हे, शब्द. मला डोळे नाहीत. पण ज्याच्या तोंडून निघतो त्याची जीभ मला कळते, आणि ज्याच्या कानात शिरतो त्याचं मन.

माझं मूळ नाव महत्तर. म्हणजे अधिक मोठा. चारचौघांत ज्याचा शब्द मानायचा, तो महत्तर. पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी फिरून माझे कोपरे झिजले आणि मी 'म्हातारा' झालो. त्या झिजण्यात माझा मान कधी गळून पडला, ते माझं मलाच कळलं नाही.

अलीकडे मी एका सलूनमध्ये उच्चारला गेलो. दुकान बापानं उभं केलेलं, आता लेक चालवायचा. बाप कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून असायचा. एका दुपारी गिऱ्हाईक म्हणालं, "आज तुमच्या वडिलांकडूनच दाढी करून घेतो."

लेक हसला. "म्हाताऱ्याकडून? मग गळा सांभाळा म्हणजे झालं!"

सगळं दुकान हसलं. मी बापाच्या कानात शिरलो. आत इतकं सामसूम होतं, की मलाच भीती वाटली.

त्या दिवसापासून "बाबा" म्हटलं की तो ओ देईना. सून जेवायला बोलवायची, नात हात धरून ओढायची. तो मात्र दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारताहेत असा बसून राहायचा. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. शेवटी लेक वैतागून ओरडला, "ए म्हाताऱ्या!"

बाप झटकन उठला. "आलो."

लेकाच्या अंगावर काटा आला. तो आवाज बापाचा नव्हता.

मग रोज तेच. बापाच्या पोटात दोन घास जायचे तर मला उच्चारावं लागे, आणि दर वेळी उत्तराचा आवाज वेगळा. कधी जाडा, कधी किनरा, कधी दात नसलेल्या तोंडाचा. मी ते सगळे ओळखत होतो. आजवर मी ज्यांना ज्यांना चिकटलो, त्यांचे होते ते.

सून शाळेत भाषा शिकवायची. तिनं नवऱ्याला माझं मूळ सांगितलं. "तू शिवीसारखं म्हणतोस. एकदा खऱ्या अर्थानं म्हणून बघ."

लेकानं शटर अर्धं खाली ओढलं. बापासमोर मान खाली घालून उभा राहिला. "महत्तर," तो अडखळत म्हणाला.

"काय रे, रडतोस कशाला?" बाप बोलला. अगदी स्वतःच्या आवाजात.

लेक त्याला मिठी मारणार, तोच रिकाम्या खुर्च्या हळूहळू त्यांच्याकडे वळल्या. आरशात मात्र त्या रिकाम्या नव्हत्या. प्रत्येकीवर कोणीतरी पिकल्या केसांचं बसलं होतं, आणि हाकेला ओ द्यायला तोंड उघडत होतं.

लेक मागे सरकला. बापानं शांतपणे खांद्यावर टॉवेल टाकला. "बसा, बसा," तो आरशाकडे बघून म्हणाला. "एकेकाला घेतो."

आता बाप पोटभर जेवतो, नातीशी भांडतो. रोज दुपारी तासभर दुकान बंद असतं. आतून कात्रीचा आवाज येतो. लेक बाहेर पायरीवर बसून असतो, गिऱ्हाइकांना थोपवत.

मला खुशाल उच्चारा, माझी ना नाही. पण जरा हळू. माझ्या आत पुष्कळ माणसं आहेत, आणि त्यांतल्या एकालाही अजून झोप लागलेली नाही.