बंद करण्याआधी

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणायचे. कोणाचाही कोड तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे, आणि खडे निघाल्याशिवाय सुटत नसे. आज पाळी बोकडाची होती. दाढीवरून हे नाव पडलेला तो गडी तिच्याच टेबलाला खुर्ची लावून बसला होता. तिचा फोन नेहमीसारखा पालथा पडला होता.

बदल एवढासाच. प्रोग्रॅमने फाइल उघडली की सिस्टिम त्याला एक नंबर देते, डिस्क्रिप्टर. त्या नंबरावर पाळत ठेवली की फाइलमध्ये खुट्ट झालेलं कळतं. पाळत उठवायची ओळ बोकडाने उडवली होती.

"नंबर बंद केला की पाळत आपोआप उठते," तो म्हणाला. "उगाच दोनदा कशाला?"

"आणि त्याच नंबराची दुसरी प्रत कोणी उघडी धरून बसलं असेल तर?"

"असेना का! आपण बंद केलं ना?"

"आपण केलं, त्याने नाही. मग तिकडच्या बातम्या येतच राहणार. थांबवाव्यात म्हटलं, तर ज्या नंबराने थांबवायच्या तोच हातात नाही. बस बोंबलत! आधी पाळत उठवायची, मग बंद करायचं."

इतक्यात फोन वाजला. तिने उलटून पाहिला, पडद्यावर 'आई' होतं. बोकड चहाला उठला.

ही आई म्हणजे तिची सासू. खरं तर पूर्वीची. माहेरची आई तिला आठवतही नव्हती. जी काही आई मिळाली ती सासरी. नवऱ्याशी काडीमोड झाला, त्याने दुसरं लग्न केलं, पण आईंचा फोन काही थांबला नाही. आधी "जेवलीस का?", मग हळूच लेकाच्या बातम्या. त्याला चष्मा लागला, त्याने घर बदललं. ऐकून ती दोन दोन दिवस आतून सोलून निघायची. फोन न उचलणं मात्र जमायचं नाही. आज तिने मन घट्ट केलं.

"आई, रागावू नका. फोन रोज करा, पण त्याचं काही सांगू नका."



"नाही सांगणार हो. तेच सांगायला केला फोन." आईंचा आवाज ओला झाला होता. "मुलगी झाली त्याला. त्याच्या बायकोला नाही आवडत मी तुझ्याशी बोललेलं. बाळाला मांडीवर घ्यायला मिळावं म्हणून कबूल केलं गं मी. हा शेवटचा."

तिला ओरडावंसं वाटलं, की मग सांगा ना त्याचं, हवं तेवढं सांगा.

"आजी झालात, आई," ती म्हणाली. "जपा स्वतःला."

"अगं, आज विचारलंच नाही. जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली. डबा उघडलेलाही नव्हता.

बोकड चहा घेऊन परतला. त्याने ती ओळ जागच्या जागी घातली. "हे बघ, आधी पाळत उठवली, मग बंद. आता तरी सुटका?"

अक्षरं डोळ्यांपुढे विरघळत होती. तरी तिने प्रत्येक ओळ वाचली आणि बदल मंजूर केला. मग रोज पालथा ठेवायचा तो फोन तिने उताणा ठेवला, आणि त्याच्याकडे बघत बसली.